नेलीला न्यायला ये

३ जुलै, सोमवार

आमच्याकडे जुलैत ऐन हिवाळा, गवतावर दव गोठलं की कुत्रीची, नेलीची, घाण दिसत नाही. पायाखाली येते तेव्हाच कळते. आज आली! टॉर्च दातांत, एका हातात फावडं, एका हातात पिशवी, आणि बूट नेमका तिच्यात. नळाखाली धुतला. पाणी बोटांना चावत होतं.

पाळणाघराची मुलं यायच्या आत हे उरकायचंच. आधी मागचं अंगण. मग वाळूच्या हौदावरची ताडपत्री काढून वाळू दाताळ्यानं ओढायची, कारण शेजारच्या मांजराचा काय भरवसा. मग नेलीची भांडी उचलून कपडे धुण्याच्या खोलीत, नेली कुंपणापलीकडे तिच्या भागात, मग फरशी. शेवटी माझे हात, कोपरापर्यंत.

बँजो पहिला आला. चार वर्षांचा, टकळी बंद म्हणून नाही. मग ओर्ला, तीन वर्षांची, गुपचूप. मग लहानगा टेड. तो रांगतो आणि सापडेल ते तोंडात घालतो. माझी सकाळची सगळी मरमर त्या एका तोंडासाठी.

दुपारी ऑफिसची ब्रॉनविन न सांगता तपासणीला आली. पाळणाघराची परवानगी हिच्या हातात. जाळीच्या दाराची कडी हलवून बघितली, नेलीचं भांडं उचलून खालची फरशी बघितली. म्हणाली, ग्लेनिस, कुत्रं असलेल्या घरांत तुमचं घर सगळ्यात स्वच्छ. मग म्हणाली, पण कुत्री नसती तर तुमचं किती काम वाचलं असतं.

म्हटलं, कुत्री माझी नाही. मुलाची आहे. तो येईल न्यायला.

तीन वर्षं हेच सांगतेय तिला. ती मान हलवते.

जाता जाता पुन्हा मुलाच्या खोलीचं काढलं. उजेड छान येतो, मुलांना दुपारी झोपवायला बरी. म्हटलं, ती खोली पाळणाघरात धरायची नाही. का, ते विचारलं नाही तिनं. शहाणी आहे.

५ जुलै, बुधवार

ब्रेंटच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. चादर बदलली. कुणी झोपलेलं नसलं तरी चादर शिळी होते.

९ जुलै, रविवार

ब्रेंटचा फोन. रविवारी संध्याकाळी येतो, आलाच तर. पहिला प्रश्न ठरलेला — नेली कशी आहे? बरी. खाते का? खाते. थंडीत मागचा पाय धरतो का तिचा? धरतो. मग मी फोन तिच्या कानाला लावला. तो काय बोलला कोण जाणे. तिनं शेपटी आपटली आणि घरभर त्याला शोधून आली. पलंगाखालीसुद्धा.

पाय माझाही धरतो. ते कुणी विचारत नाही. मीही सांगितलं नाही.

कधी येतोस म्हटलं, तर संत्र्यांचा हंगाम. समुद्रापलीकडे, मिल्ड्युराला, संत्र्यांचा ट्रक चालवतो. हिवाळ्यात संत्री, उन्हाळ्यात द्राक्षं. म्हणजे कधीच नाही. त्याचा बाप गेला तेव्हा आला होता, नेलीला ‘थोडे दिवस’ ठेवून गेला. थोडे दिवस!

‘तूच ये ना, आई,’ म्हणाला. म्हटलं, मुलं कुणावर टाकू? आणि नेलीला कोण बघणार, तिची घाण कोण उचलणार? तेही खरंच, म्हणाला. मग त्यानं तिकडचं हवामान सांगितलं. मी इकडचं सांगितलं.

१२ जुलै, बुधवार

ओर्ला दोन दिवस ढुंगण खाजवतेय. आज चड्डी बदलताना नीट बघितलं. पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, वळवळणारे. जंत! माझ्या पाळणाघरात!

तिच्या आईला, जॅसिंटाला, बँकेत फोन केला. ती धावत आली. दारात उभी राहून तिनं आधी पोरीकडे नाही, कुंपणाकडे बघितलं. नेली तिकडे बसून जीभ बाहेर काढून तिच्याकडेच बघत होती. जॅसिंटा म्हणाली, मी तुम्हाला काही म्हणत नाही हं, ग्लेनिस. पण कुत्र्यांना जंत असतातच ना?

माझ्याही मनात तेच.

नियमानं दारावर पाटी लावावी लागते — एका मुलाला जंत झालेत, आपापल्या मुलांना तपासा. मुलाचं नाव लिहायचं नसतं. नाव कशाला हवं? संध्याकाळी जो मूल न्यायला आला त्यानं पाटी वाचली आणि कुंपणाकडे बघितलं.

१३ जुलै, गुरुवार

चादरी उकळल्या. टॉवेल उकळले. लाकडी ठोकळे ब्लीचच्या पाण्यात. बाहुल्यांची डोकी घासली. वाळू अर्धी उपसून फेकून दिली. नेलीचं अंथरूण शेगडीत घातलं. नेली कपडे धुण्याच्या खोलीत बंद. दारावर नखं ओढत होती. मी इकडून ओरडले, गप! गप झाली. तेच जास्त लागलं.

आमच्या बेटावर माझ्या वयाच्या माणसाला विचारा, जंत कुठून येतात? झोपेतून उठवून विचारा. कुत्र्यापासून! आमच्या लहानपणी गावोगाव कुत्र्यांच्या औषधाचा दिवस असायचा. रस्त्याकडेला तारेला ओळीनं कुत्री बांधलेली, सरकारी माणूस एकेकाचा जबडा उघडून गोळी सरकवायचा. बाबा मला घेऊन जायचे, कारण आमचा कुत्रा टग दुसऱ्या कुणाला तोंड उघडू द्यायचा नाही. शाळेत चित्र होतं भिंतीवर. मेंढीचं काळीज, त्यात पाण्यानं भरलेल्या गाठी. मेंढीतून कुत्र्यात, कुत्र्यातून माणसात. आमच्या वरच्या शेतातल्या विनीफ्रेड मावशीच्या फुफ्फुसात तशी गाठ निघाली. वाचली नाही. कुत्र्याला हात लावून तसंच जेवायला बसलं की बाबा कानाखाली द्यायचे. शाळा मी नववीत सोडली. बाकी काही डोक्यात राहिलं नाही, हे राहिलं.

मग नेलीला वेळच्या वेळी गोळी देते ती कशी नाही लागली? कच्चं मटण तर कधी घातलं नाही तिला.

१४ जुलै, शुक्रवार

बँजोचा बाप डर्क लवकर आला. छपरं घालतो, धिप्पाड गडी, पण माझ्यासमोर टोपी हातात. म्हणाला, ग्लेनिस, तुम्ही नसता तर आम्ही बुडालो असतो. बँजो घरी तुमचंच नाव घेतो. फक्त ते कुत्रीचं बघा.

बघा म्हणजे काय?

म्हणाला, बायको ऐकत नाही हो. कुत्री असेपर्यंत पोराला पाठवायचं नाही म्हणते.

टेडची आई तोंडानं काही बोलली नाही, पण सोमवारचं काही नक्की नाही म्हणाली. तीन मुलं आहेत माझ्याकडे. तिघंही गेली तर घरात मी आणि घड्याळ.

ब्रेंटला फोन केला. रविवार नसताना. तो घाबरलाच. म्हटलं, मी मेले नाही. तुझ्या कुत्रीमुळे पोरांना जंत झालेत. मुलं जातील नाहीतर ती जाईल. तू येऊन तुझी कुत्री घेऊन जा.

ट्रकचं इंजिन नुसतं घुरघुरत होतं. मला वाटलं आता म्हणेल, शेजाऱ्याला दे, नाहीतर शेतावर पाठव कुणाच्या.

‘पुढच्या शुक्रवारी येतो,’ म्हणाला. ‘रात्रीच्या बोटीनं निघेन, सकाळी तुझ्याकडे.’

१५ जुलै, शनिवार

येतोय.

१७ जुलै, सोमवार

औषधाच्या दुकानात गेले. हेदर बसते तिथे, माझ्याच वर्गातली, ती शिकली, मी नाही. ऑफिसनं सांगितलं होतं की घरातल्या मोठ्यांनीही जंताची गोळी घ्यायची. म्हटलं, एक माझी दे, आणि कुत्रीसाठी जरा जालीम काही असेल तर ते दे.

हेदरनं चष्म्यावरून बघितलं. कुत्रीला कशाला गं?

सांगितलं सगळं. ती हसली. म्हणाली, ग्लेन, हे जंत माणसाचे. माणसाकडून माणसाला जातात. पोर खाजवतं, अंडी नखांत जातात, नखांतून खेळण्यावर, तिथून दुसऱ्याच्या तोंडात. कुत्र्याच्या पोटात ते राहूच शकत नाहीत. तुझ्या नेलीचा काडीचा संबंध नाही.

मी म्हटलं, नक्की? म्हणाली, नक्की. आपल्या वयाचा जो येतो तो हेच विचारतो. ते मेंढीच्या काळजाचं चित्र डोक्यातून जात नाही कुणाच्या.

घरी येऊन आधी नेलीला बाहेर काढलं. पाठीवर थोपटत बसले फरशीवरच. मग हात धुतले. सवय.

मग फोन. ब्रॉनविन म्हणाली, मला आधीच विचारायचं ना! मी पाटीखाली लिहून देते. जॅसिंटा म्हणाली, अरे देवा, म्हणजे हे आमच्याच घरातून आलं की काय! आणि हसत सुटली. डर्क म्हणाला, बायकोला सांगतो, आणि पाचच मिनिटांत त्याचा उलटा फोन, बँजो उद्या येतोय.

सगळ्यांना सांगितलं.

एकाला सोडून.

१८ जुलै, मंगळवार

फोन हातात घेतला. ठेवला.

१९ जुलै, बुधवार

आज बटणंसुद्धा दाबली. दोनदा वाजल्यावर तोडला. त्याला काय सांगायचं? नेली निर्दोष आहे, तू येऊ नकोस? संत्री वाहत बस? तीन वर्षांत त्याला इथे आणायला मला जे जमलं नाही ते ओर्लाच्या जंतांनी केलं! आता मी कशाला बोलू?

नेली जाईल मग. हो, जाईल. त्याचीच आहे. माझी कुठे आहे?

संध्याकाळी तिला साबणानं आंघोळ घातली. तिनं अंग झाडून मला भिजवलं. रोज जरा कंगवा फिरवते आता. तो म्हणायला नको, आईनं बघितलं नाही.

२१ जुलै, शुक्रवार

आला! मुलं यायच्या आधीच. मी फावडं घेऊन अंगणात. मागून कुणीतरी म्हणालं, ‘त्या कोपऱ्यातली राहिली गं आई.’

काय बोलले ते आठवत नाही. बूट काढून आत ये म्हटलं असेन. नेली त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहिली, मग त्याच्या बुटांवरच आडवी झाली. त्याला पाय हलवता येईना. बारीक झालाय. दाढी वाढवलीय, बापासारखीच एका बाजूला विरळ.

मुलांना तर खेळणंच मिळालं. बँजोनं विचारलं, तू खरा ट्रकवाला? मग दिवसभर त्याच्या मागे. ब्रेंटनं कुंपणाची कलती पट्टी सरळ केली, जाळीच्या दाराला नवी कडी लावली. मी सांगितलं, दाराला हात लावलास, आता हात धू. पोरं ओळीनं उभी राहिली तसा तोही उभा राहिला बेसिनशी. हात धुण्याचं गाणं त्यालाही म्हणावं लागलं. ओर्लानं त्याची नखं तपासली.

जॅसिंटा ओर्लाला न्यायला आली तेव्हा माझा जीव टांगणीला. आता ही म्हणेल, बरं झालं ना नेलीचं काही नव्हतं! मी मध्येच ओर्लाचे मोजे हरवल्याचं काढलं. मोजे तिच्या पायांतच होते. जॅसिंटानं विचित्र बघितलं माझ्याकडे.

हात धुवायचा साबण संपला. ब्रेंट म्हणाला, आणतो. हेदरच्या दुकानात मिळेल म्हटलं, आणि तो गेल्यावर ओठ चावला! पण तो साबण घेऊन आला, शांत. नेलीचा पाय चोळत बसला शेगडीपुढे. म्हणजे हेदर काही बोलली नाही. सुटले.

२२ जुलै, शनिवार

मेंढीचं तंगडं भाजलं. बटाटे, लाल भोपळा, पुदिन्याचा सॉस. तो तीनदा वाढून घेतो, तसंच आजही. जेवताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. ताट बघितलं की कळतं मला पोरगा बरा आहे की नाही.

तिकडचं सांगत होता. नदीच्या बाजूला घर भाड्यानं घेतलंय. मागे मोठं अंगण आहे. मागची एक खोली रिकामी आहे, तिथून नदी दिसते. सकाळी पेलिकन येतात. नेलीला आवडेल म्हणाला. मी म्हटलं, नेलीला पक्ष्यांच्या मागे धावायचा त्रास नको, पाय दुखतो. तो म्हणाला, हं. मग म्हणाला, उजेड फार छान येतो त्या खोलीत. मी म्हटलं, अजून बटाटे घे.

दोनदा तोंडापर्यंत आलं. ब्रेंट, कुत्रीनं काही केलं नाही रे. आलं आणि गिळलं. सांगितलं तर रागावेल. त्यापेक्षा वाईट म्हणजे रागावणार नाही, नेलीला इथेच ठेवील आणि पुन्हा तीन वर्षं.

त्याच्या खोलीचं दार रात्री उघडं होतं. घोरतो तो. बरं वाटलं.

२३ जुलै, रविवार

संध्याकाळी डेव्हनपोर्टच्या धक्क्यावर सोडायला गेले. गाड्यांच्या रांगेत त्याची गाडी, मागच्या सीटवर नेली, तिच्याखाली माझी जुनी गोधडी. बोटीत तिला खाली पिंजऱ्यात ठेवणार म्हणे, गाड्यांच्या मजल्यावर. पाणी ठेवतात ना, मी विचारलं. ठेवतात. भांडं धुतलेलं असतं ना? ब्रेंट हसला. मी धुईन म्हणाला.

बोलायचं हेच होतं मला? भांडं!

त्यानं खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. काहीतरी बोलणार होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. ‘चल,’ म्हणाला. नेली मागच्या काचेतून बघत राहिली. बोटीच्या तोंडात गाडी गेली आणि मला ब्रेंटची पाठमोरी मानही दिसेना.

२४ जुलै, सोमवार

उठले. फावडं घेऊन अंगणात गेले. उचलायचं काही नाही.

बँजोनं विचारलं, नेली कुठे? म्हटलं, तिच्या घरी. म्हणाला, तिचं घर हे ना? त्याला सफरचंद कापून दिलं. तोंड बंद करायला तेवढं एकच औषध.

२६ जुलै, बुधवार

ब्रॉनविन आली. पूर्ण घर बघितलं. म्हणाली, आता तपासायला काही उरलंच नाही. आनंदानं म्हणाली. शेवटी विचारलं, त्या खोलीचं काय ठरवलंत?

म्हटलं, बघू.

बघू म्हटलं मी! त्यानंतर दिवसभर स्वतःवर चिडले.

३० जुलै, रविवार

फोन आला. आज तो नेली कशी आहे असं विचारू शकत नव्हता. म्हणून मी विचारलं. बरी. खाते का? खाते. पाय? तिकडे ऊन आहे, बराय. मग त्यानं फोन तिच्या कानाला लावला असावा, कारण नुसता श्वास ऐकू आला, हाफ हाफ. मी काय बोलणार कुत्रीशी? म्हटलं, ए बाई, नीट राहा.

परत त्यानं घेतला. या वेळी हवामानही सांगितलं नाही कुणी.

३१ जुलै, सोमवार

ताडपत्री दोन वेळा झाकली. दोन वेळा काढली. डोकं ठिकाणावर नाही.

१ ऑगस्ट, मंगळवार

टेडच्या दातांचं मलम आणायला हेदरकडे गेले. म्हणाली, तुझा ब्रेंट गोड झालाय गं. त्या दिवशी साबण न्यायला आला होता, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, आता नेलीला न्यायची गरजच नाही, जंत कुत्र्याचे नव्हतेच, तुझ्या आईला मी सोमवारीच सांगितलंय.

म्हटलं, काय म्हणाला तो?

‘हो का, म्हणाला. साबणाचे पैसे दिले. मग म्हणाला, नेलीला नेतोच मी. ती इथे असली की आईला निघता येत नाही. तिकडे नेली तर येईल तिला बघायला. माझ्यासाठी काही ती यायची नाही.’

गाढव! तोंड दिलंय ना देवानं! — आणि मलाही दिलंय की.

घरी येऊन दारावर कागद लावला, शुक्रवारी आणि सोमवारी पाळणाघर बंद. मग फोन केला. ट्रकमध्ये होता. म्हटलं, गुरुवारच्या बोटीनं येतेय. गाडी बाजूला घेतली असावी, इंजिनाचा आवाज थांबला.

‘नेलीला बघायला?’ त्यानं विचारलं.

म्हटलं, नाही. तुला.